पित्ताची गोळी बंद केली आणि आग दुपटीने वाढली

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहे:

“माझं वय 52. तीन वर्षांपूर्वी गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आणि तिच्यासोबत पॅन्टोप्राझोल 40 दिली. दुखण्याची गोळी चारेक महिन्यांनी बंद झाली, पण पित्ताची गोळी मेडिकलमधून आणून अजून घेते. सकाळी चहा-नाश्ता उरकला की घेते. त्याआधी मला पित्ताचा असा त्रास नव्हता. मागच्या महिन्यात मोबाइलवर मेसेज आला की या गोळीने किडनी जाते आणि विसरभोळेपणा येतो. घाबरून बंद केली, तर चौथ्या दिवशी छातीत अशी आग पडली की रात्र बसून काढली. मग पुन्हा सुरू केली. मालकांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्यांनाही हीच पित्ताची गोळी होती, ती मी आठ दिवसांपासून देत नाही. मला शुगरसाठी मेटफॉर्मिन पाच वर्षं चालू आहे. हल्ली तळपायांना मुंग्या येतात. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा खात नाही. मला या गोळीची सवय लागली का? बंद करू की आयुष्यभर घेऊ?”

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी तुमच्या यजमानांचं. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करा. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही, तर त्यांची पित्ताची गोळी आजपासूनच परत सुरू करा. अँजिओप्लास्टीनंतर ज्या दोन गोळ्या देतात, त्या बहुतेक वेळा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असतात. स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीत, गुठळी होऊ नये म्हणून त्या अत्यंत गरजेच्या आहेत, पण त्यांच्यामुळे जठरात जखम होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्यांची पित्ताची गोळी जळजळीसाठी दिलेलीच नाही, हा रक्तस्राव टाळण्यासाठी दिलेली आहे. त्यांना छातीत जळजळत नाही म्हणून ती नको, असं होत नाही. या आठ दिवसांत त्यांना डांबरासारखी काळी शौचाला झाली असेल, चक्कर येत असेल किंवा एकदम थकवा आला असेल, तर फोनवर थांबू नका, दवाखान्यात घेऊन जा. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नका.

फोन केलाच आहे तर पाकिटावरचं नाव वाचून दाखवा. पॅन्टोप्राझोल असेल तर ठीक. ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा, कारण या दोन गोळ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 सालीच तसा इशारा दिला आहे.

दुसरी तातडीची गोष्ट तुमची स्वतःची. ती रात्रभराची आग बहुधा गोळी अचानक बंद केल्याचीच होती, का ते पुढे सांगते. पण तुम्ही 52 वर्षांच्या आहात आणि तुम्हाला मधुमेह आहे. मधुमेह असलेल्यांना, त्यातही बायकांना, हृदयाचा झटका पुष्कळदा छातीतल्या ठसठशीत कळेसारखा येतच नाही. जळजळ, मळमळ, दम लागणं, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, दरदरून घाम, असा येतो. आपल्याकडे किती माणसं ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पीत बसतात आणि मोलाचे तास घालवतात! या आठवड्यात एक ईसीजी काढून घ्या. आणि पुढे कधी तुम्हाला किंवा यजमानांना अशी आग घाम, दम किंवा हाताकडे जाणाऱ्या कळेसह झाली, चालताना वाढली, तर पित्ताची गोळी घेऊन वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

आता तुमची गोळी. तुम्हाला व्यसन लागलेलं नाही, एवढं आधी मनातून काढून टाका. झालं ते असं. जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या सगळ्या गोळ्या हे पंप बंद पाडतात. रक्तातून गोळी काही तासांत जवळपास निघून जाते, पण बंद पडलेला पंप परत चालू होत नाही, पेशीला नवा घडवावा लागतो. म्हणून दिवसाला एक गोळी पुरते.

जठरात आम्ल कमी झालं की शरीराला ते कळतं. ‘आम्ल वाढवा’ असा निरोप देणारं गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं आणि महिनोन्‌महिने वाढलेलंच राहतं. पंप बंद असेपर्यंत त्याचं काही चालत नाही. गोळी एकदम थांबवली की नवे पंप तयार होतात आणि वाढलेल्या गॅस्ट्रिनच्या हाती सापडतात. मग पूर्वी कधी नव्हतं इतकं आम्ल तयार होतं. तुमचा चौथा दिवस तो हा. डेन्मार्कमध्ये ज्यांना पित्ताचा कसलाही त्रास नव्हता अशा 120 निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला, 2009 साली तो प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. मग पुढचे चार आठवडे सगळ्यांनाच निरुपद्रवी गोळी दिली. खरी गोळी घेतलेल्यांपैकी 44 टक्के लोकांना त्या चार आठवड्यांत जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला, दुसऱ्या गटात तो 15 टक्क्यांना झाला. म्हणजे धडधाकट माणसालाही ही गोळी बंद करताना पित्त होऊ शकतं. तुम्ही तर तीन वर्षं घेताय. ‘बंद केली की जळजळतं, म्हणजे मला ती लागतेच’ हा निष्कर्ष तुम्ही काढलात, कुणीही काढला असता, आणि लाखो लोकांची गोळी वर्षानुवर्षं याच एका कारणाने चालू राहते.

मग तुम्हाला ती लागते का? तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ‘त्याआधी मला असा त्रास नव्हता’. दुखण्याच्या गोळ्या जठराला इजा करतात, म्हणून तेव्हा सोबत दिलेली पॅन्टोप्राझोल योग्यच होती. दुखण्याची गोळी थांबली तेव्हा हीसुद्धा थांबायला हवी होती. ते कुणी सांगितलं नाही, चिठ्ठीवर किती दिवस घ्यायची ते लिहिलं नसणार, आणि दुकानदाराने पट्टी देताना विचारलं नाही. कायद्याने ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हेही सांगून ठेवते. फक्त एक गोष्ट मला खरी सांगा: गुडघे दुखले की मधूनच ‘ती’ गोळी घेता का? शेजारून, दुकानातून, कुठूनही? घेत असाल तर पुढचं सगळं गणित बदलतं, आणि हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

काही माणसांना मात्र ही गोळी खरोखर दीर्घकाळ लागते. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा दिसलेले, बॅरेट म्हणून अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल झालेले, जठराच्या जखमेतून पूर्वी रक्तस्राव होऊन गेलेले, आणि तुमच्या यजमानांसारखे. त्यांनी मेसेज वाचून ती सोडणं हे गोळीच्या कुठल्याही दुष्परिणामापेक्षा जास्त धोक्याचं आहे. हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही हे लिहिते आहे.

त्या मेसेजबद्दल. तो अगदी निराधार नाही, पण भीती अवाच्या सवा घालतो. लाखो रुग्णांच्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांत ही गोळी घेणाऱ्यांमध्ये किडनीचे आजार, स्मृतिभ्रंश, हाडं मोडणं जास्त दिसलं होतं. पण ही गोळी घेणारी माणसं मुळातच वयस्कर, जास्त आजारी, जास्त औषधं घेणारी असतात, त्यामुळे दोष गोळीचा की आजारांचा हे अशा नोंदींवरून ठरत नाही. 2019 साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. 17 हजारांहून जास्त हृदयरोगी, अर्ध्यांना पॅन्टोप्राझोल 40, अर्ध्यांना निरुपद्रवी गोळी, सरासरी तीन वर्षं. किडनीचा आजार, स्मृतिभ्रंश, हाडं मोडणं यांत फरक दिसला नाही. फरक दिसला तो पोटाच्या संसर्गांत, गोळी घेणाऱ्यांमध्ये ते थोडे जास्त होते. किडनीला या गोळीची एक वावडं आल्यासारखी सूज येऊ शकते, ती खरी आहे, पण क्वचित होते. तेव्हा किडनीच्या भीतीने रात्री जागू नका. गोळी बंद करायची ती गरज नाही म्हणून.

पोटाच्या संसर्गाचं मात्र लक्षात ठेवा, कारण तुमचं घर माळकरी आहे. अन्नपाण्यातून गेलेले जंतू मारणं हे जठरातल्या आम्लाचं कामच आहे. ही गोळी चालू असताना आषाढीच्या वाटेवर, ऐन पावसात, मिळेल ते पाणी प्यायलं तर जुलाब व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. यजमान वारीला जात असतील तर त्यांचं पाणी उकळलेलं किंवा क्लोरीनचं असू द्या.

मला तुमच्या पत्रात खरी काळजी वाटली ती तळपायांच्या मुंग्यांची. तुम्ही ती शुगरच्या खाती टाकली असेल. असेलही. पण बी12 जीवनसत्त्वाचा विचार करा. ते मांस, मासे, अंडी यांत असतं आणि थोडंफार दुधात. तुम्हाला मिळतं ते दूध, दही, ताक यांतूनच. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी12 सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं, ते तुम्ही तीन वर्षं दाबून ठेवलंय. सुटं झालेलं आतड्यात शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आडवं येतं. म्हणजे मुळात मिळकत तुटपुंजी आणि वाटेत दोन ठिकाणी गळती. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या नोंदींवरचा 2013 सालचा अभ्यास सांगतो की दोन वर्षं किंवा जास्त काळ ही गोळी घेणाऱ्यांत बी12 ची कमतरता जास्त आढळते, आणि तिथली बहुतेक माणसं तर मांसाहारी. बी12 फार काळ कमी राहिलं तर मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसरभोळेपणा, असं होत जातं आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षं पित्ताची गोळी घेणाऱ्या बायकांच्या पायांच्या मुंग्या ‘वयोमानाने’ म्हणून सोडून दिल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तपासणी करा. रक्त आधी द्या, बी12 ची गोळी किंवा इंजेक्शन त्यानंतर, नाहीतर आकडा फसवा येतो. गोळीतलं बी12 आधीच सुटं असतं, त्याला आम्लाची गरज नसते, त्यामुळे पित्ताची गोळी चालू असली तरी ते लागू पडतं.

आता बंद कशी करायची. तुमच्या डॉक्टरांशी बोलून, आणि घरात लग्नकार्य किंवा प्रवास नाही असा महिना बघून. साधारण पद्धत अशी: 40 च्या जागी 20 ची गोळी दोन ते चार आठवडे, मग एक दिवसाआड दोन आठवडे, मग बंद. गोळी मोडून अर्धी करायची नाही आणि चावायची नाही. तिच्यावर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, ते फुटलं तर औषध जठरातच नासतं. 20 ची वेगळी मिळते.

आणि तोपर्यंत वेळ बदला. नाश्त्यानंतर घेतलेली गोळी पुरतं काम करत नाही. पंप चालू असेल तेव्हाच ती त्याला धरते आणि पंप चालू होतात ते जेवणाने. म्हणून खाण्याआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर. चहासुद्धा त्यानंतर. कित्येकांना ‘चाळीसने भागत नाही, दोन द्या’ असं वाटतं ते निव्वळ वेळ चुकल्यामुळे.

बंद केल्यावर काही आठवडे जळजळेल. हे आधीच मनात धरून ठेवलं की घाबरायला होत नाही. त्या दिवसांसाठी जेवणानंतर आणि झोपताना अँटासिडचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घ्या. अल्जिनेट असलेलं मिळालं तर ते जास्त चांगलं, ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर करतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. इतर औषधांपासून ते दोन तास लांब ठेवा, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. रात्रीच्या त्रासाला डॉक्टर फॅमोटिडीन ही आम्ल कमी करणारी वेगळ्या जातीची गोळी देतील. ती मधूनमधून घ्यायला उत्तम, पण रोज घेतली तर आठ-पंधरा दिवसांत तिचा जोर ओसरतो. घरात रॅनिटिडीनची जुनी पट्टी पडली असेल तर ती वापरू नका. तिच्यात कर्करोगाशी संबंध असलेली अशुद्धी सापडल्याने अमेरिकेने 2020 मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि आपल्या सरकारने 2022 मध्ये ती आवश्यक औषधांच्या यादीतून वगळली.

इनो किंवा खाण्याचा सोडा कधीतरी एकदा ठीक. पण त्यात सोडियम पुष्कळ असतं. ब्लड प्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्याने रोज घेऊ नये, म्हणजे तुमच्या घरात यजमानांसाठी तो डबा बंद. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, थोड्या वेळाने आम्ल परत वाढतं. आयुर्वेदिक म्हणून सूतशेखर घ्यायचा विचार असेल तर त्यात पारा असतो हे माहीत असू द्या. वैद्यांच्या देखरेखीशिवाय नाहीच.

मेडिकलवाला ‘ही जास्त चांगली’ म्हणून नावापुढे ‘डी’ असलेली पट्टी देईल. त्यात पित्ताच्या औषधाबरोबर डॉम्पेरिडोन असतं. ते मळमळ-उलटीसाठी आहे, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं म्हणून युरोपात 2014 पासून ते आठवडाभराहून जास्त देऊ नये असा नियम आहे. आपल्याकडे माणसं ते वर्षानुवर्षं गिळतात. तुमच्या यजमानांना तर ते विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. तसंच लेव्होसल्पिराइड असलेल्या जोडगोळ्या. त्यांनी हात थरथरणं, अंग ताठरणं, बायकांच्या छातीतून दूध येणं, पाळी बिघडणं, असं होऊ शकतं. म्हाताऱ्या माणसाचे हात कापायला लागले की पार्किन्सन्सची तपासणी सुरू होते आणि कारण असतं ही गोळी. पट्टी उलटवून सगळी नावं वाचून घ्या, बारीक अक्षर असेल तर मुलांकडून वाचून घ्या.

खाण्यापिण्याचं मी लांबण लावत नाही. ठेचा-भाकरी सोडा असं सगळ्यांना सांगायची गरज नाही. तुम्हाला ज्याने त्रास होतो ते तुम्हीच ओळखाल. ज्यांनी खरोखर फरक पडतो त्या गोष्टी मोजक्या आहेत. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. डाव्या कुशीवर झोपणं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा इंच उंच करणं. उशांवर उशा रचून उपयोग होत नाही, त्याने पोट दुमडतं. वजन जास्त असेल तर ते पाच-सहा किलो उतरलं तरी फरक पडतो. एकादशीला दिवसभर उपाशी पोटी चहा आणि संध्याकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, असं होत असेल तर त्याऐवजी थोड्या थोड्या वेळाने वरीचे तांदूळ, ताक, फळं घ्या, आणि मेटफॉर्मिनचं त्या दिवशी काय करायचं ते विचारून ठेवा.

एक प्रश्न विचारते, राग मानू नका. मिसरी लावता का? आपल्याकडच्या पुष्कळ बायका लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, डॉक्टर बाईला विचारत नाहीत. तंबाखूने अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू सैल पडतो आणि आम्ल वर येतं. सकाळी मिसरी आणि त्यावर गोळी चालू असेल तर आधी मिसरी सुटली पाहिजे. तोंडाच्या कर्करोगाचं तर वेगळं सांगायला नको.

गोळी कमी करताना, किंवा त्याआधीच, घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरायला लागलं, उलट्या थांबेनात, उलटीत रक्त किंवा काळी शौचाला दिसली, हिमोग्लोबिन घसरलं, तर जुळवाजुळव करत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करावी लागेल. आणि दोन-तीन महिने उलटूनही जळजळ टिकून राहिली, तर कदाचित तुम्हाला खराच आम्लाचा आजार आहे, तेव्हा डॉक्टर पुन्हा गोळी देतील, कमीत कमी पुरेल तेवढ्या मात्रेत. तसं झालं तर त्यात कमीपणा काही नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, यजमानांच्याही. बी12, हिमोग्लोबिन, मॅग्नेशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, एवढ्या तपासण्या करायला सांगा. मॅग्नेशियम अशासाठी की वर्षाच्या वर ही गोळी घेतली की काहींचं ते कमी होतं आणि पायात गोळे येतात. प्रत्येक पट्टी हातात घेऊन विचारा: ही कशासाठी, आणि कधीपर्यंत? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. बी12 चा आकडा आला की मला कळवा. मुंग्या किती महिन्यांपासून आहेत आणि रात्री वाढतात का, तेही लिहा.